सोलापुरातील बालपोषण प्रशिक्षण: एका स्वयंसेविकेचा अभिप्राय

आशा आणि आरोग्य स्वयंसेविकांसाठी एका संस्थेने सोलापुरात घेतलेले बालपोषणाचे तीन दिवसांचे प्रशिक्षण मी नुकतेच पूर्ण केले. विडी कामगारांच्या वस्तीत गृहभेटी देताना त्याचा किती उपयोग झाला, एवढ्याच दृष्टीने हा अभिप्राय लिहीत आहे.

सर्वांत मोलाचा ठरला तो पाककृतींचा दिवस. आपल्याकडे सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला वरणाचे वरचे पाणी पाजतात. त्याने इवलेसे पोट भरते, पण अंगी काही लागत नाही. हे नुसते सांगण्याऐवजी प्रशिक्षिकेने ते पाणी आणि ज्वारीची भाकरी कुस्करून कालवलेले दाट वरण शेजारी ठेवले आणि चमचा तिरका करून, ओघळणारे अन्न कोणते आणि चमच्यावर टिकणारे कोणते, हे दाखवले. अख्खा शेंगदाणा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो, म्हणून बारीक कूटच घालावे, ही सूचना शेंगाचटणीच्या या गावात फार आवश्यक होती.

दंडघेर मोजण्याचा सरावही अंगणवाडीतील मुलांवरच झाला. ६ ते ५९ महिन्यांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास ते तीव्र कुपोषित, आणि ११.५ पासून १२.५ च्या आत असल्यास मध्यम कुपोषित, हे आम्हाला पाठ होते. परंतु एकाच मुलाच्या माझ्या आणि सहकारी ताईंच्या मापात अर्ध्या सेंटिमीटरचा फरक पडला, तेव्हा पट्टी किंचित आवळल्याने किंवा सैल सोडल्याने मूल चुकीच्या यादीत कसे जाते, ते खऱ्या अर्थाने कळले.

उणिवाही नोंदवायला हव्यात. कुपोषणामुळे दोन्ही पावलांवर सूज असेल, तर पट्टीचा आकडा काहीही असो, ते मूल तीव्र कुपोषितच धरावे लागते. या मुद्द्याला जेमतेम दोन मिनिटे मिळाली. आमच्या वस्तीत अनेक घरांत तेलुगू बोलली जाते, तरी सर्व पुस्तिका मराठीतच होत्या. विडी वळणाऱ्या आईने घास भरवण्यापूर्वी तंबाखूचे हात साबणाने धुण्याविषयी तर अवाक्षरही निघाले नाही, हे मला सर्वाधिक खटकले. पुढील तुकडीसाठी या तीन गोष्टी सुधाराव्यात आणि महिन्याभराने प्रशिक्षिकेने प्रत्येकीसोबत निदान एक गृहभेट करावी, अशी माझी आयोजकांना कळकळीची विनंती आहे.