गाद्या भरून घ्यायच्या तर पाडव्याच्या आसपासच घ्या – इतवाऱ्यामागच्या पिंजणवाल्या दुकानाचा अनुभव

अमरावतीत इतवारा बाजाराच्या मागच्या बाजूला गाद्या भरून देणाऱ्या एका चाचांचं दुकान आहे, नावाची पाटी वगैरे काही नाही, पत्र्यावर ऑइलपेंटने 'गादी रजई भरून मिळेल' एवढंच लिहिलंय. यंदा होळी झाल्यावर घरातल्या सगळ्या कापसाच्या गाद्या आणि उशा तिथून पिंजून, नवीन खोळी घालून आणल्या आणि काम इतकं मनासारखं झालं की नीट सगळं लिहावं असं वाटलं, कारण हल्ली कोणीही विचारलं की कापसाची गादी कुठे भरून मिळते तर लोक सरळ फोमची घे म्हणतात. माझ्याकडून पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला तेही सांगते पुढे.

आधी हे की हे काम याच दिवसांत का करायचं. होळीनंतर थंडी गेलेली असते, रजया धुऊन वाळवून आलमारीच्या वर जातात, कूलर खाली निघतात, त्याच्या ताट्या बदलायच्या असतात, पंखे पुसायचे, पाडव्याच्या आधी घर असंही उलथंपालथं झालेलं असतं, तर त्यातच गाद्या बाहेर काढल्या की झालं. ऊन कडक पण अजून मे महिन्यासारखं अंगावर येणारं नाही आणि हवा एकदम कोरडी. कापूस हवेतलं पाणी ओढून घेतो, साध्या हवेतसुद्धा त्याच्या वजनाच्या 8 टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो त्याच्यात, आणि पावसाळ्यात त्याहून जास्त. ओलसर कापूस पिंजला की त्याचे तंतू मोकळे होत नाहीत, गुठळ्याच राहतात. म्हणून जुलैमध्ये गादी भरून घेतलेली लोकं नंतर म्हणतात की पैसे वाया गेले, गादी तशीच दगडासारखी. आणि सुट्ट्या लागल्या की पाहुणे, गच्चीवर झोपणं, लग्नाला आलेली मंडळी, त्याच्या आत गाद्या तयार पाहिजेत.

आमची मोठी डबल गादी सासूबाईंनी घरच्या शेतातल्या रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची, भरून घेतली होती, खूप वर्षं झाली. मधे एकदा पिंजली होती पण आता मधोमध खड्डा पडलेला आणि कडेला कापूस गोळा झालेला, रात्री कूस बदलली की पाठीला गाठ लागायची. घरात मुलांचं म्हणणं होतं की फेकून द्या आणि ऑनलाइन मेमरी फोम मागवा. मी ठाम होते की नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 44-45 ला जातो, त्यात फोमच्या गादीवर झोपून बघा, पाठ घामाने चिकटते कारण फोम अंगाची उष्णता धरून ठेवतो, आणि कापसातून हवा खेळते. दुसरं म्हणजे फोम एकदा बसला की बसला, त्याला परत उभं करता येत नाही, तो कुठेतरी कचऱ्यात किंवा नाल्याच्या काठावर जातो. कापूस पिंजला की परत फुगतो. ज्या वऱ्हाडातला कापूस न्यायला शकुंतला रेल्वे टाकली गेली, त्या वऱ्हाडातल्या घरांनी फोमवर झोपावं हे मला खरंच पटत नाही आणि वाईट वाटतं.

आता दुकान. जागा छोटीशीच, समोर गाद्या शिवायची मोकळी फरशी, मागे एक बंद खोली आणि त्यात पिंजणाचं मशीन. पूर्वी पिंजारी खांद्यावर ती मोठी धनुकली घेऊन गल्लीत यायचे, तारेचा टण्ण टण्ण आवाज आला की आजी बाहेर यायची आणि अंगणातच काम व्हायचं, आता ते दिसतच नाही. मशीनमध्ये लोखंडी दातांचा रूळ मोटरवर फिरतो, एका बाजूने दबलेला कापूस सारायचा, दात त्याला फाडून तंतू तंतू वेगळे करतात आणि दुसऱ्या बाजूने मऊ कापूस उडून पडतो, धूळ वेगळी होते. माणूस बाहेर येतो तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असतात.

मला सगळ्यात आवडलं ते हे की सगळं समोर बसून करून घेता येतं. चाचा स्वतःच म्हणाले, ताई बसा तुम्ही, तुमचा माल तुमच्या डोळ्यांसमोर. गादी आधी काट्यावर ठेवली, मग समोरच खोळ उसवली आणि रिकामी खोळ वेगळी तोलली, म्हणजे कापूस नेमका किती ते कळलं. साडेसोळा किलो भरला. पिंजून झाल्यावर परत तोलला तर पंधराच्या थोडा वर, दीडेक किलो नुसती माती आणि भुसा निघाला! ती धूळ सुद्धा त्यांनी दाखवली. इतकी वर्षं आपण त्याच्यावर झोपत होतो. ज्यांना सकाळी उठल्या उठल्या शिंका येतात त्यांनी तर एकदा गादी उसवून बघाच.

पिंजायच्या आधी चाचांचा मुलगा सगळा कापूस हाताने चाचपत होता, मी विचारलं काय शोधता तर म्हणाला पिना, सुया, नाणी, बटणं. लोखंड किंवा खडा दातांवर आपटला की ठिणगी पडते आणि कापसाला आग लागायला क्षण पुरत नाही. आमच्या गादीतून एक सेफ्टी पिन आणि केसांचा चाप निघाला. तेव्हा तुम्ही घरून नेण्याआधीच गादी जरा दाबून बघा, विशेषतः लहान मुलं असतील तर.

मुलांच्या सिंगल गाद्यांचा प्रकार वेगळा निघाला. त्या आम्ही काही वर्षांपूर्वी तयार आणल्या होत्या (कुठून ते लिहीत नाही), शंभर टक्के कापूस म्हणून. चाचांनी उसवल्या आणि मूठभर काढून हातात दिला, त्यात लाल निळे धागे, कापडाच्या चिंध्यांचा चुरा, आणि काहीतरी चकचकीत. "ताई, याच्यात कापूस कमी हाये, बाकी सगळा कटपीसचा भुगा हाये." मग त्यांनी दारात जाऊन चिमूटभर जाळून दाखवलं. खरा कापूस कागद जळतो तसा जळतो, वासही तसाच, आणि राख बोटांत चोळली की उडून जाते. पॉलिस्टर असेल तर वितळतं, प्लास्टिक जळाल्याचा वास येतो आणि खाली काळी कडक गोळी राहते. आमच्या नमुन्यात गोळी राहिली. ही परीक्षा कोणालाही करता येते, नवीन गादी घेतानाही दुकानदाराला म्हणायचं की कोपऱ्यातून चिमूटभर काढून द्या, जो खरा माल विकतो तो नाही म्हणत नाही. त्या दोन्ही गाद्या मग चाचांच्याच सल्ल्याने पिंजल्या नाहीत, तो माल पिंजून टिकत नाही म्हणाले, त्याच्या बसायच्या पातळ गाद्या करून दिल्या आणि मुलांसाठी नवीन रुई घेतली. त्यांना पिंजायचे पैसे घेता आले असते, घेतले नाहीत, यासाठी मी पुढच्या वेळीही तिथेच जाणार.

नवीन रुई किलोला 200 च्या वर पडली, सिंगल 3 बाय 6 च्या गादीला आठ ते दहा किलो लागते. आपल्याकडे कपाशीची वेचणी दिवाळीच्या आसपास सुरू होऊन फेब्रुवारीपर्यंत चालते, जिनिंगमध्ये सरकी निघून रुईच्या गाठी होतात, त्यामुळे या दिवसांत बाजारात ताजी रुई असते, हाताला कळतं, लांब पांढरा तंतू, ओढला की सहज तुटत नाही. त्यांच्याकडे स्वस्तातला मिलचा वेस्ट पण होता, तो घेऊ नका असं त्यांनीच सांगितलं, तो दोन पावसाळ्यांत बसतो.

खोळीसाठी गादीपाट निवडायला वेळ द्या. ते निळे-पांढरे पट्टेवालं जाड कापड असतं ना तेच घ्या, विणीत घट्ट असतं म्हणून कापसाचे तंतू बाहेर येत नाहीत. फुलाफुलांचं चकचकीत कापड स्वस्त आणि दिसायला छान पण त्यात पॉलिस्टर असतं, मग आत कापूस घालून उपयोग काय, गरम ते गरमच होणार.

भरणं आणि टाके हे खरं कसब. कापूस थरांनी पसरतात, कोपऱ्यांत आधी दाबून भरतात, मग खोळ उलटून काठीने झोडपून सगळीकडे सारखा करतात, आणि लांब सुईने दुहेरी दोऱ्याचे आरपार टाके घालतात. टाके जवळजवळ असले तर कापूस सरकत नाही. चाचांचे टाके वीतभर अंतराने, ओळीत, आणि चारही बाजूंना काठ बांधलेला, त्यामुळे गादीची कड ढिली पडत नाही. बाकी ठिकाणी दूर दूर टाके घालून लवकर मोकळे होतात, नंतर सहा महिन्यांत कापूस एका बाजूला जमा. तेव्हा टाके मोजून घ्यायला लाजू नका.

उशांसाठी मी मुद्दाम सावरीच्या कापसाचं विचारलं. काटेसावरीला या दिवसांत लाल फुलं येऊन गेलेली असतात आणि एप्रिल-मेमध्ये बोंडं फुटून कापूस उडायला लागतो, मेळघाटाकडे गेलात तर झाडाखाली पडलेला दिसतो. त्याचा तंतू आखूड आणि गुळगुळीत, म्हणून सूत काढता येत नाही, पण उशीला त्याच्यासारखं काही नाही, हलकी, मऊ. चाचांकडे मागच्या वर्षीचा थोडा होता त्यात दोन उशा झाल्या, मशीनमध्ये तो घालत नाहीत, सगळा उडून जातो म्हणून हातानेच मोकळा करून भरतात. बाकी उशा साध्या कापसाच्या, आणि इथे माझी तक्रार आहे, त्या जास्तच ठासून भरल्या, मान अवघडते. मी दोन उशा घरी उसवून मूठ मूठ कापूस काढला. सांगून भरून घ्या की नरम पाहिजे.

अर्धा स्टार कापला त्याची खरी कारणं दोन. एक म्हणजे वेळ. संध्याकाळी गाद्या घरी पोचतील म्हणाले आणि टेम्पो आला दुसऱ्या दिवशी दुपारी, त्या रात्री आम्ही सतरंजीवर झोपलो आणि घरात आजारी सासूबाई, त्यांचे हाल झाले. कोणी वयस्कर असेल तर एका वेळी एकच गादी द्या. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, मशीनवरचा मुलगा तोंडाला नुसता रुमाल बांधून होता. कापसाची धूळ फुफ्फुसात जाऊन सूतगिरण्यांतल्या कामगारांना दम लागायचा आजार होतो, हे जुनं आणि माहीत असलेलं दुखणं आहे. मी चाचांशी बोलले, चांगल्या मास्कचं आणि धूळ ओढणाऱ्या पंख्याचं. ऐकून घेतलं त्यांनी, हो म्हणाले. गिऱ्हाईक म्हणून जाल तेव्हा तुम्हीही विचारा प्लीज, चार लोकांनी विचारलं की फरक पडतो. पिंजाईचे दहा रुपये जास्त घ्या पण हे करा असं मी स्पष्ट सांगितलं.

आता वापराचा अनुभव. गादी फुगून जवळपास दुप्पट उंच झाली, पहिले काही दिवस चढून बसावं लागलं, मग बसते ती बरोबर. पाठ दुखायची थांबली असं मी म्हणणार नाही पण सकाळी उठताना अंग मोकळं वाटतं आणि सासूबाई दुपारी कधी नव्हे ते दोन तास झोपतात. कापसाच्या गादीचे त्रासही आहेतच, वजनाला जड, एकट्या बाईने उलटवणं अवघड, लहान मूल ओलं करत असेल तर वाळायला दोन दिवस जातात, आणि तीन-चार वर्षांनी परत पिंजावी लागते. कूलरच्या खोलीत हवा दमट होते तेव्हा गादी सर्द पडते, म्हणून पंधरा दिवसांतून एकदा गच्चीवर ऊन दाखवायचं, दोन्ही बाजूंनी, आणि संध्याकाळी झटकून आत, ऊन उतरायच्या आधी. ज्यांच्याकडे गच्ची नाही आणि उचलायला माणूस नाही त्यांना मी आग्रह करणार नाही.

जुन्या खोळी मी परत मागून आणल्या. चांगला भाग कापून पुसायची फडकी झाली, उरलेल्या कापडाची गच्चीवरच्या मोगऱ्याच्या आणि तुळशीच्या कुंड्यांवर दुपारची सावली बांधली, एप्रिलच्या उन्हात पानं करपतात ती यंदा बरी राहिली. उशांमधून काढलेला कापूस कुंड्यांत मातीवर पातळ पसरला, पाणी घातलं की वरून लवकर सुकत नाही. फक्त झाडाच्या बुंध्याला चिकटवू नका, तिथे ओल राहून बुंधा सडतो.

जायचं असेल तर सकाळी दहाच्या आत जा, तेव्हा मशीन मोकळं असतं आणि चाचा बोलायला निवांत असतात. अक्षय तृतीयेच्या आसपास लग्नाच्या गाद्या-रजयांच्या ऑर्डरी असतात, तेव्हा आठ आठ दिवस नंबर लागत नाही. पैसे रोख किंवा फोनवरून दोन्ही चालतात, टेम्पोचं भाडं वेगळं, ते आधी ठरवून घ्या. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं.