पक्षाचं जुनं कार्ड आणि एजंटनं भरलेलं 'नाही'

काकू गेल्यावर काका एकटे पडले, म्हणून अमेरिकेची नागरिक असलेल्या त्यांच्या मुलीनं त्यांच्यासाठी ग्रीन कार्डचा अर्ज केला. इकडची कागदपत्रं एका एजंटकडे दिली होती. त्यानं आमची जी फसवणूक केली ती इतरांची होऊ नये, म्हणून हे लिहितो आहे.

काका तरुणपणी कामगार युनियनमध्ये होते आणि त्याच ओघात कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. नोकरी बदलली, युनियन सुटली, सभासदत्वही संपलं. त्याला तीसेक वर्षं झाली. आपल्याकडे हा पक्ष उघडपणे निवडणुका लढवतो, त्यामुळे काकांनी ते सहज सांगून टाकलं. एजंटनं तेवढंच धरलं. "तुम्हाला आयुष्यभर अमेरिकेत पाऊल ठेवता येणार नाही," म्हणाला. मग स्वतःच तोड सुचवली: वॉशिंग्टनहून 'पक्षमुक्त' असल्याचा दाखला आणून देतो. त्यासाठी मोठी रक्कम घेतली, पावती 'सल्ला शुल्क' म्हणून दिली. असा कुठलाही दाखला अमेरिकन सरकार देत नाही.

नियम असा आहे. कम्युनिस्ट किंवा अन्य एकाधिकारशाही पक्षाचं सभासदत्व अमेरिकेत कायमच्या स्थलांतराला आड येतं, हे खरं. टुरिस्ट किंवा स्टुडंट व्हिसाला ते कलम लागू नाही. पण त्याच कायद्यात सवलतीही आहेत. सभासदत्व फक्त सोळा वर्षांपेक्षा कमी वयातलं असेल, जबरदस्तीचं असेल, नोकरी किंवा रेशन मिळवण्यापुरतं असेल, तर अडसर नाही. सभासदत्व सोडून अर्जाआधी २ वर्षं झाली असतील, तरीही नाही. पक्षाच्या हाती एखाद्या देशाची हुकूमशाही सत्ता असेल, तर मुदत ५ वर्षांची. आणि यात न बसणाऱ्यालाही, तो अमेरिकन नागरिकाचा आई-बाप असेल, तर माफी मागता येते. म्हणजे काकांना खरं सांगण्यात काहीच धोका नव्हता!

खरा घात पुढे होता. चुलतबहिणीनं तिथल्या इमिग्रेशन वकिलाला फॉर्म डीएस-२६०, म्हणजे ग्रीन कार्डसाठीचा ऑनलाइन व्हिसा अर्ज, दाखवला, तेव्हा कळलं की पक्षाच्या प्रश्नापुढे एजंटनं काकांना न विचारता 'नाही' भरलंय. फॉर्म भरायला कुणी मदत केली का, यापुढेही 'नाही'. सही काकांच्या नावची.

वकिलानं जे समजावलं ते ऐकून आम्ही हादरलो. व्हिसासाठी जाणूनबुजून खोटं सांगितल्याचं ठरलं, तर बंदी आजन्म असते. त्या बंदीतून माफी मागायला अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असा जोडीदार किंवा आई-वडील लागतात. मुलगी चालत नाही. काकांना यांतलं कुणीच नाही. ज्या गोष्टीनं काहीच बिघडणार नव्हतं ती लपवून या माणसानं काकांना अशा जागी नेऊन ठेवलं, जिथून परतीची वाट नव्हती. मला सगळ्यात जास्त संताप याचा आहे, पैशांचा नंतर.

मुलाखत व्हायची होती, एवढंच नशीब. अधिकाऱ्यांच्या लक्षात येण्याआधी स्वतःहून चूक दुरुस्त केली तर ती ग्राह्य धरतात. वकिलानं लेखी दुरुस्ती पाठवली. सभासदत्व कधी घेतलं, कधी सोडलं, याचं काकांचं प्रतिज्ञापत्रही जोडलं. हाच प्रश्न पुढे नागरिकत्वाच्या अर्जातही येतो, तेव्हाही उत्तर हेच द्यायचं आहे. मुलाखतीत काका शपथेवर खरं तेच सांगणार आहेत. एजंट फोन उचलत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलिसांत तक्रार दिली आहे.

तुमचा फॉर्म दुसऱ्या कुणी भरला असेल, तर केस नंबर आणि इनव्हॉइस आयडी त्याच्याकडून मागून घ्या, व्हिसा अर्जाच्या सरकारी साइटवर स्वतः लॉगिन करा आणि पक्ष, संघटना, मदतनीस यांविषयीची उत्तरं मुलाखतीआधी वाचून काढा. एजंट नंबर द्यायला टाळाटाळ करत असेल, तर थेट परवानाधारक इमिग्रेशन वकील गाठा.