काचेची केबिन : रिटर्नचा सीझन काढल्यानंतर

टिळक रोडवरच्या जुन्या कमर्शिअल बिल्डिंगमधल्या आमच्या टॅक्स ऑफिसचं फर्निचर गेल्या दिवाळीत नव्यानं केलं. प्लाय, लॅमिनेट, लायटिंग सगळं ठीक. तक्रार एकच, आणि ती पुरेशी आहे: केबिनमधलं बोलणं बाहेर ऐकू येतं.

जुलैत एका क्लायंटशी कलम १४८च्या, म्हणजे जुनं रिटर्न पुन्हा तपासायला काढणाऱ्या नोटिशीबद्दल दार लावून बोललो. ते गेल्यावर सोफ्यावर थांबलेले काका आत आले आणि खुर्ची ओढता ओढताच म्हणाले, "काय हो, १४८ आली म्हणजे घाबरायचं का?"

काँट्रॅक्टर म्हणे, "साहेब, १२ एमएम टफन्ड काच आहे, आवाज जाणारच नाही." काचेतून जातच नव्हता. शिडी लावून फॉल्स सीलिंगची टाइल सरकवली, तर पार्टिशन तिथेच संपलेलं. वर स्लॅबपर्यंत हातभर पोकळी, केबिनची आणि बाहेरची एकच. मिनरल फायबरच्या हलक्या टाइल्स खोलीतला घुमारा कमी करतात, पलीकडे जाणारा आवाज फारसा अडवत नाहीत. काँट्रॅक्टरचं उत्तर, "सगळीकडे असंच करतात, हवं तर वर रॉकवूल, म्हणजे आवाज शोषणारी लोकर, अंथरतो, एक्स्ट्रा लागेल." म्हणजे ह्यानं अर्धी भिंत बांधायची आणि गोधडीचे पैसे मी द्यायचे!

काच काढून टाकावी असंही मनात आलं. पण एप्रिलपर्यंत न आवडलेली मांडणी आता आवडायला लागली आहे: खिडक्या स्टाफकडे, साहेब आत. आमच्याकडे उजेड एकाच बाजूनं येतो. पूर्वी त्याच बाजूला प्लायच्या केबिन होत्या आणि बाकीच्यांच्या डोक्यावर दिवसभर ट्यूबलाइट. आता दुपारपर्यंत अर्धे दिवे बंद असतात. कमर्शिअल दरानं वीजबिल भरणाऱ्याला वेगळं सांगायला नको. हा उजेड माझ्यापर्यंत काचेतूनच पोचतो.

शेवटी ओळखीच्या माणसाकडून काचेच्या वर स्लॅबपर्यंत पत्र्याची फ्रेम, दोन्ही बाजूंनी जिप्सम बोर्ड, मध्ये रॉकवूल असं करून घेतलं. बीमच्या कडा आणि केबलची भोकं सीलंटनं बुजवली. ती राहिली तर सगळं फुकट. आता साधं बोलणं बाहेर कळत नाही. आवाज चढला की दाराखालच्या फटीतून थोडा जातो, तिथे ब्रशची पट्टी लावली आहे.

काम काढणार असाल तर कोटेशनमध्ये "पार्टिशन स्लॅबपर्यंत" असं लिहून घ्या आणि टाइल्स बसायच्या आधी स्वतः शिडीवर चढा.

काँट्रॅक्टर शेवटच्या हप्त्यासाठी फोन करतोय. वरच्या कामाचं बिल वजा करून उरलेले घेऊन जा म्हटलं. अजून आलेला नाही.