जुनाच ओढायचा, लिनक्स टाकायचं की सरळ नवीन घ्यायचा?

आमच्या घरचा कॉम्प्युटर २०१३ सालचा. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका दुकानातून जुळवून आणलेला: तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. सकाळी आप्पा बटण दाबायचे, आंघोळीला जायचे, पूजा उरकायचे आणि चहाचा कप घेऊन बसायचे, तेव्हा कुठं डेस्कटॉपवर चिन्हं उमटायला लागायची. कुणाची तक्रार नव्हती. मग एक दिवस पडद्यावर पाटी आली की १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट संपणार. आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "म्हंजे हा पंधरा तारखेपास्नं बंद पडणार काय?"

बंद पडत नाही. फक्त नव्यानं सापडलेली भगदाडं बुजवायला मायक्रोसॉफ्टचा गवंडी येणं थांबतं. पुढं काय होतं ते विंडोज ७ च्या वेळी आपण बघितलंय. त्याचे अपडेट १४ जानेवारी २०२० ला संपले, मशिनं मात्र चालत राहिली. २०२३ च्या सुरुवातीला क्रोम १०९ या आवृत्तीवर अडकलं आणि मग एकेक साइट कुरकुरायला लागली. घरच्या वापरात ब्राउझर गेला की कॉम्प्युटर गेल्यातच जमा.

ज्यांना घाई करायची नाही त्यांच्यासाठी मुदतवाढ आहे. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती असेल, मायक्रोसॉफ्टचं खातं असेल आणि सेटिंग्जचा बॅकअप चालू केला, तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत फुकट मिळतात. बॅकअप नको असेल तर ३० डॉलर मोजायचे. तेवढा वेळ विकत घेता येतो, एवढंच.

भावकीत कॉम्प्युटर बिघडला की फोन मला येतो. त्यामुळं या काळात मी एक नाही, तीन मशिनांचा निकाल लावला: आप्पांचा हा डेस्कटॉप, वहिनीचा लॅपटॉप आणि आत्याचा सेकंडहँड डेस्कटॉप. तिन्हींचा निकाल वेगळा लागला, आणि गंमत म्हणजे मशिनच्या वयावर तो फारसा ठरला नाही. त्या मशिनला काय काय चिकटलंय त्यावर ठरला.

आधी पिढी बघा

'धिस पीसी'वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. आय-थ्री, आय-फाइव्हच्या पुढं जो आकडा असतो त्याची सुरुवात म्हणजे पिढी. ४१३० म्हणजे चौथी, ८२५० म्हणजे आठवी, १०२१० म्हणजे दहावी. विंडोज ११ ला साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेतला प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. आठव्या पिढीच्या मशिनमध्ये ती बहुधा असतेच, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मशिनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद असते. इंटेलच्या बोर्डावर 'पीटीटी' या नावानं शोधा. "तुमच्या मशिनला विंडोज ११ चालत नाही" असं सांगून नवीन गळ्यात मारायला निघालेला दुकानदार मला भेटलाय. पीटीटी चालू केल्यावर त्याच मशिननं विंडोज ११ मुकाट्यानं घेतलं.

उलटही घडतं. जुन्या मशिनवर ही अट चुकवून विंडोज ११ टाकून देणारे पुष्कळ आहेत. "करून देतो की, त्यात काय!" टाकता येतं, चालतंही. पण अशा मशिनला अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही, आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही. २४एच२ आवृत्ती तर कोअर टू ड्युओच्या जमान्यातल्या मशिनवर सुरूच होत नाही. खेळायला ठीक आहे. ज्यावर बँकेचे व्यवहार होतात त्या मशिनवर मी हे करणार नाही.

वहिनीचा लॅपटॉप: एसएसडी

२०१८ चा, आठव्या पिढीचा. वहिनी त्यावर क्लासच्या प्रश्नपत्रिका करते. "हा फेकून द्यायचा झालाय, भावजी" म्हणून माझ्याकडं आला. मागचं झाकण उघडलं तर पंख्याच्या पात्यांवर गोधडीतल्या कापसासारखी धूळ, आणि आत मिनिटाला ५४०० फेरे मारणारी हार्ड डिस्क. प्रोसेसर बिचारा रिकामा बसलेला, सगळे डिस्कची वाट बघत थांबलेले. हार्ड डिस्कमध्ये एक सुई फिरत्या तबकडीवर माहिती शोधत हिंडते. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. ती बसवली, रॅम ४ ची ८ जीबी केली, विंडोज ११ नव्यानं टाकलं. तीन-साडेतीन मिनिटांचं सुरू होणं वीस सेकंदांवर आलं.

आठवी पिढी आणि आत हार्ड डिस्क, अशी जोडी असेल तर दुसरा विचारच करू नका. फक्त रॅम आणि एसएसडीचे भाव २०२५ च्या शेवटापासून चांगलेच चढलेत, त्यामुळं मित्रानं मागच्या वर्षी दिलेला आकडा मनात धरून दुकानात जाऊ नका. बॅटरी फुगली असेल किंवा बिजागरी तुटली असेल तर मात्र खर्चाची बेरीज करून बघा.

आत्याचा डेस्कटॉप: लिनक्स

२०१९ च्या महापुरात शाहूपुरी कुंभार गल्लीत आत्याच्या घरात पाणी शिरलं आणि टेबलाखालचा सीपीयू लग्नाच्या फोटोंसकट बुडाला. त्यानंतर तिनं हा चौथ्या पिढीचा सेकंडहँड घेतला. काम काय, तर यूट्यूबवर भजनं, लाइट बिल भरणं, अमेरिकेतल्या लेकीशी बोलणं आणि भजनी मंडळाची पत्रकं टाइप करणं. यासाठी नवीन मशिन म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला जायला मोटार काढल्यासारखं.

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी बसणारी दुसरी प्रणाली. तिचा 'मिंट' हा प्रकार टाकला. त्याची २२ वी मालिका २०२४ मध्ये आली आणि २०२९ पर्यंत तिला अपडेट मिळणार आहेत. परवान्याचे पैसे नाहीत. मेनू डाव्या कोपऱ्यात, खाली पट्टी, घड्याळ उजवीकडं. विंडोज ७ वापरलेल्या माणसाला माहेरी आल्यासारखं वाटतं. लिनक्सची खरी सोय वेगळीच आहे: पेन ड्राइव्हवरून ते चालवून बघता येतं, हार्ड डिस्कला हातही न लावता. आवाज येतो का, वायफाय धरतं का, कॅमेरा लागतो का, हे सगळं आधी तपासा. आणि प्रिंटर! प्रिंटर तर नक्की तपासा. आत्याच्या जुन्या लेसर प्रिंटरनं मला एक आख्खा रविवार जाळला. शेवटी ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाळा, झेरॉक्सवाल्याकडनं काढून आणीन."

मराठी टायपिंगची भीती मात्र अनाठायी निघाली. युनिकोड मराठी, म्हणजे कुठल्याही मशिनवर तशीच दिसणारी, मिंटवर छान चालते; इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची ठरलेली मांडणीही आहे आणि उच्चाराप्रमाणे टाइप करायची मांडणीही आहे. वर्ड-एक्सेलच्या जागी वापरायच्या लिब्रेऑफिसचे मेनूसुद्धा मराठीत करता येतात. अडचण आली ती वर्डमध्ये केलेल्या जुन्या पत्रकांची. उघडतात, पण चौकटी सरकतात, एका पानाचं पत्रक दीड पानावर जातं. ज्यांचं रोजचं काम दुसऱ्यांच्या वर्ड-एक्सेल फायलींवर चालतं, त्यांना हे महिनाभरात नकोसं होईल. आत्यानं दोन पत्रकं नव्यानं मांडली आणि विषय संपला.

हिशेबासाठी टॅली वापरत असाल तर लिनक्सचा विचार सोडा, ते विंडोजसाठीच आहे. डिजिटल सहीच्या टोकनाचं काम असेल तरी विंडोजवरच राहिलेलं सुखाचं.

आप्पांचा: नवीन

वय बघितलं तर आप्पांचा डेस्कटॉप आणि आत्याचा एकाच पंगतीतले. मग याला मिंट का नाही? कारण आप्पा मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानी दिवाणजी होते आणि निवृत्तीनंतरही दोन दुकानांची वही टॅलीत लिहितात. शिवाय विंडोजच्या आधीच्या डॉसवरच्या फॉक्सप्रोतला जुना हिशेबाचा प्रोग्रॅम जपून ठेवलाय. शेतकऱ्यांची मागची येणी-देणी त्यात आहेत. आणि त्यांची सगळी पत्रं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात. इतकी माणसं एकाच छपराखाली असली की घर बदलताना विचारपूर्वकच बदलावं लागतं.

पर्याय पाच होते. लॅपटॉपचा पहिला फायदा कोल्हापुरात सांगावा लागत नाही: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीवर गेली की उचलायचा आणि माळ्यावर ठेवायचा. लाइट गेली तरी चालू राहतो. पण आप्पांना मोठा पडदा आणि खडखडणारा कीबोर्ड हवा, लॅपटॉपवर वाकून बसले की मान धरते. जुळवलेला डेस्कटॉप दुरुस्तीला सगळ्यात सोपा, कुठलाही भाग कुठंही मिळतो. जागा मात्र खातो आणि यूपीएस ठेवावाच लागतो. कंपन्यांनी काढून टाकलेले रिफर्बिश्ड लॅपटॉप स्वस्तात मिळतात आणि बांध्याला दणकट असतात. घ्यायचे तर आठव्या पिढीच्या खालचा नको, बायोसला कुणाचा पासवर्ड नाही हे समोर बघायचं आणि बॅटरी संपलेलीच आहे असं धरून भाव करायचा.

मॅक मिनीचा आग्रह पुतण्याचा होता. एम-फोर चिपचा मॅक मिनी २०२४ च्या नोव्हेंबरात भारतात ५९,९०० रुपयांपासून आला, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी जागेसह. पडदा, कीबोर्ड, माउस आपले. मशिन म्हणून उत्तमच, आवाज नाही, तापत नाही. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यानं खुशाल घ्यावा. पण टॅली थेट चालत नाही, म्हणजे आमच्यासाठी तो पुतण्याचा हट्टच.

शेवटी मिनी पीसी घेतला, पुस्तकाएवढा, पडद्याच्या पाठीला स्क्रूनं बसणारा. जमिनीवर काही नाही, त्यामुळं पुराचंही भय कमी. घेताना एक गोष्ट माझ्याकडून सुटली: आप्पांच्या जुन्या मॉनिटरला फक्त निळ्या पिनेची व्हीजीए केबल, आणि नव्या डब्यावर ते भोकच नाही. एचडीएमआयवरून व्हीजीए करणारं कन्व्हर्टर आणायला लगेच परत गाडी काढली. तुम्ही आधी मॉनिटरची पाठ बघून जा.

विकत घेताना बिलावर विंडोजचा परवाना आहे का हेही बघा. २०१३ च्या मशिनवर दुकानदारानं "ओरिजिनलच आहे" म्हणून जे टाकलं होतं, ते आठ महिन्यांत काळा पडदा दाखवायला लागलं होतं.

हात बसेपर्यंत

मशिनची किंमत एकदा मोजायची असते, पुढचे पंधरा दिवस मात्र रोज मोजावे लागतात. पहिल्या सकाळी आप्पांचा प्रश्न: "ह्ये बटण मधी कशाला आणून ठेवलंय?" विंडोज ११ मध्ये स्टार्ट पट्टीच्या मधोमध असतं. टास्कबारच्या सेटिंगमध्ये जाऊन डावीकडं नेता येतं, ते पहिल्याच दिवशी करून टाका. नसता वाद वाचतो. राइट क्लिकचा मेनूही छोटा झालाय, जुना हवा असेल तर 'शो मोअर ऑप्शन्स'. वर्डपॅड २४एच२ पासून काढून टाकलंय.

सुरुवातीलाच वनड्राइव्हकडं लक्ष द्या. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समधल्या फायली ते ऑनलाइन चढवायला घेऊ शकतं, आणि फुकट जागा फक्त ५ जीबी. भरली की निरोप सुरू होतात आणि म्हातारी माणसं घाबरतात. नको असेल तर बॅकअप बंद करा. दुसरं, नव्या मशिनवर डिस्क बहुतेक वेळा कुलूपबंद येते. तिची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. ती कागदावर लिहून कपाटात ठेवा. आमची एलआयसीच्या फायलीत आहे.

फॉक्सप्रोचं म्हणाल, तर विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं आणि त्यात डॉसचे प्रोग्रॅम उघडत नाहीत. जुना विंडोज १० ३२ बिटचा होता म्हणून इतकी वर्षं निभावलं. डॉसबॉक्स नावाचा फुकट प्रोग्रॅम टाकला, त्यात फॉक्सप्रो बसवला आणि निळ्या पडद्यावर आप्पांची खातेवही जशीच्या तशी उघडली.

पत्रांनी जास्त छळलं. जुन्या फॉन्टात टाइप केलेली फाइल तो फॉन्ट नसलेल्या मशिनवर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. आप्पांना वाटलं, इतक्या वर्षांची पत्रं गेली. गेलेलं काही नव्हतं. जुन्या मशिनच्या फॉन्टच्या फोल्डरमधले फॉन्ट आणून टाकले की अक्षरं परत आली. पण ही मलमपट्टी आहे. कामाची पत्रं कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये घ्या आणि नंतर डोळ्यांनी वाचा, कारण रफार आणि जोडाक्षरं हमखास चुकतात. रोज दहा-बारा पत्रं, असं आमचं अजून चाललंय.

म्हणून जुनं मशिन लगेच एक्स्चेंजला देऊ नका. दोन-तीन महिने बाजूला राहू द्या. काय राहिलंय ते वापरतानाच कळतं. आमची जुनी हार्ड डिस्क काढून यूएसबीच्या डबीत घातली आणि कपाटात ठेवली, बाकीचा सांगाडा माळ्यावर आहे.

नवा डबा पंधरा सेकंदांत सुरू होतो. आप्पा अजून बटण दाबून आंघोळीला जातात. पूजा उरकून चहा घेऊन येईपर्यंत पडदा लॉक झालेला असतो आणि पिन मागत बसलेला असतो.