एका पानावर अनेक आलेख: ग्नूप्लॉट, मॅटप्लॉटलिब की आर?

एका पानावर चार-सहा आलेख बसवायचे म्हटले की बहुतेक जण आधी ओळी आणि रकाने मोजतात. तेवढे काम कुठलेही सॉफ्टवेअर करते. फरक दिसतो तो आलेखांच्या चौकटी एका रेषेत येतात की नाही, इथे. समजा वरच्या आलेखाच्या उभ्या अक्षावर ५, १०, १५ असे आकडे आहेत आणि खालच्यावर १०,००० ते ५०,०००. लांब आकड्यांना जास्त जागा लागते, म्हणून खालची चौकट उजवीकडे सरकते. दोन्हींचा आडवा अक्ष काळाचा असेल, तर वरचे शिखर आणि खालची घसरण एकाच वेळची आहे का, हे नजर सरळ खाली नेऊन कळत नाही. दोन आलेख एकाखाली एक ठेवले होते ते त्यासाठीच! म्हणून मी साधन निवडताना सगळ्यात आधी हेच तपासतो.

ग्नूप्लॉट हे लिखित आज्ञांवर आलेख काढणारे सॉफ्टवेअर १९८६ पासून आहे आणि त्याची मल्टिप्लॉट (एका पानावर अनेक आलेख) ही सोय अगदी सरळ आहे: लेआउटला ओळी-रकाने सांगा, एकामागून एक प्लॉटच्या आज्ञा द्या, शेवटी मल्टिप्लॉट बंद करा. पण काही न सांगता सोडले, तर प्रत्येक आलेख आपापल्या आकड्यांच्या रुंदीप्रमाणे डावा समास ठरवतो आणि वर सांगितलेला घोटाळा होतो. उपाय दोन आहेत. सगळ्या आलेखांना एकच डावा समास ठरवून द्या, किंवा लेआउटमध्येच मार्जिन्स (समास) आणि स्पेसिंग (आलेखांमधले अंतर) लिहा. दुसरा उपाय मला जास्त आवडतो, कारण मग सगळ्या चौकटी एकाच मापाच्या येतात. जुन्या आवृत्त्यांत मल्टिप्लॉटनंतर रीप्लॉट म्हटले की शेवटचाच आलेख पुन्हा काढला जाई. आवृत्ती ६ मध्ये त्यासाठी रीमल्टिप्लॉट ही वेगळी आज्ञा आली. मोजणीच्या मोठ्या फायली असतील आणि तीच मांडणी रोज आपोआप काढायची असेल, तर ग्नूप्लॉट आजही उत्तम.

मॅटप्लॉटलिब या पायथन भाषेतील आलेखांच्या संचात अडचण उलटी असते. सबप्लॉट्स (ओळी-रकान्यांची जाळी करणारी आज्ञा) वापरले की चौकटी जाळीत नेमक्या बसतात, पण एका आलेखाचे शीर्षक वरच्याच्या अक्षनावावर चढते. यासाठी आपोआप जागा सोडणारा जुना टाइट लेआउट आहे, पण नवीन काम सुरू करत असाल तर कन्स्ट्रेन्ड लेआउटच घ्या. तो लेजंड (खुणांची सूची) आणि कलरबारलाही (रंगांची मोजपट्टी) जागा करून देतो. शेअरएक्स हा पर्याय चालू केला की आडवा अक्ष सगळ्यांना सारखा मिळतो आणि मधल्या ओळींवरचे आकडे गळून पडतात. उभी जागा बरीच वाचते.

मला मनापासून आवडणारी सोय म्हणजे २०२० मध्ये आवृत्ती ३.३ सोबत आलेले सबप्लॉट मोझेक. वरच्या ओळीत ‘ककख’ आणि खालच्या ओळीत ‘गगख’ असे लिहा: ‘क’ आणि ‘ग’ दोन-दोन रकाने व्यापतात, ‘ख’ उजवीकडे वरपासून खालपर्यंत उभा राहतो. मांडणी कोडमध्येच चित्रासारखी दिसते. सहा महिन्यांनी फाइल उघडली तरी कुठला आलेख कुठे आहे हे शोधावे लागत नाही.

आर ही सांख्यिकीची भाषा घेणाऱ्यांनी आधी एक गोष्ट पक्की करावी: मूळ आरचे आलेख काढायचे की जीजीप्लॉट२ या तिच्या जोड-संचाचे. मूळ आरमधील एमएफरो (पानाच्या ओळी-रकाने ठरवणारा पर्याय) जीजीप्लॉटवर काहीही परिणाम करत नाही, कारण दोघांची चित्र काढण्याची यंत्रणाच वेगळी. नवशिक्यांचा इथे फार वेळ जातो. शिवाय एमएफरो अक्षरेही गुपचूप लहान करतो: दोन बाय दोनला ०.८३ पट, आणि ओळी किंवा रकाने तीन वा अधिक झाले की ०.६६ पट.

जीजीप्लॉटमध्ये एकाच माहितीचे गटवार तुकडे दाखवायचे असतील, तर फॅसेट (दर गटाला आपोआप वेगळी चौकट) पुरेसे आहे. वेगळ्या मांडणीची गरजच नाही. आलेख वेगवेगळ्या जातीचे असतील, म्हणजे एक विखुरलेल्या बिंदूंचा आणि एक स्तंभांचा, तर पॅचवर्क हा आलेख जोडणारा संच घ्या. कोडमध्ये दोन आलेखांच्या नावांमध्ये उभी रेघ (|) टाकली की ते शेजारी बसतात, तिरकी (/) टाकली की एकाखाली एक. अक्षनावे कितीही लांब असोत, चौकटी रेषेत राहतात. सारखे लेजंड एकत्र करता येतात आणि क, ख सारख्या खुणाही देता येतात. आरमधील ग्रिड.अरेंज ही आज्ञाही आलेख एका पानावर मांडते, पण चौकटी जुळवत नाही.

एक्सेलमध्ये आलेख हाताने ओढून लावणे एकदाच करायचे असेल तर ठीक. इंकस्केप या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरचेही तेच. मी एकदा सहा आलेख असे हाताने जुळवले आणि नंतर माहितीत एक चूक सापडली. सगळे पुन्हा जुळवताना पूर्ण दिवस गेला. तेव्हापासून मांडणी कोडमध्येच ठेवतो.

कुठलेही साधन घ्या, पानाचे माप सुरुवातीलाच ठरवा. मॅटप्लॉटलिबची अक्षरे काही न बदलल्यास १० पॉइंटची असतात. १२ इंच रुंद चित्र काढून ते ८९ मिलिमीटरच्या, म्हणजे साधारण ३.५ इंचांच्या छापील रकान्यात दाबले, तर तीच अक्षरे ३ पॉइंटहूनही बारीक होतात आणि छापल्यावर वाचता येत नाहीत. चित्र थेट ३.५ इंचांचे काढा. तेवढ्या रुंदीत चार आलेख मावत नसतील तर दोन ठेवा, उरलेले पुढच्या पानावर न्या.