रिओच्या बंदरावरचे पाच चेहरे

चर्चगेट स्थानकाच्या दर्शनी भिंतीवर गांधीजी रंगवणारे ब्राझिलचे एदुआर्दो कोब्रा यांचे ‘एत्नियास’ हे भित्तिचित्र रिओ दि जानेरोच्या बंदर भागात आहे. 2016च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने जुन्या गोदामांच्या भिंतीवर, सुमारे 15 मीटर उंचीपर्यंत, त्यांनी पाच खंडांतील आदिम समाजांचे पाच चेहरे रंगवले असून त्यांचे क्षेत्रफळ अडीच हजार चौरस मीटरांहून अधिक भरते.

भिंतीला खेटून उभे राहिल्यास चेहरा दिसतच नाही. दिसतात ते केवळ त्रिकोण, चौकोन आणि बुद्धिबळाच्या पटासारखे तुकडे. रस्ता ओलांडून मागे सरकावे, तसतशी गालाची सुरकुती जुळून येते आणि डोळे थेट आपल्यावर रोखले जातात. हे डोळे मात्र भडक रंगांत न बुडवता जवळजवळ छायाचित्रासारखे रंगवले आहेत, आणि माझ्या मते चित्राचा सारा जीव तिथेच आहे.

तक्रार एकच: हीच इंद्रधनुषी चौकट कोब्रा जगभर, कोणत्याही विषयाला वापरतात, त्यामुळे त्यांची दोन-चार चित्रे पाहिलेल्याला नवलाई थोडी कमी वाटते. पाहायला पैसे पडत नाहीत, ट्राम समोरूनच जाते. तरी हे चित्र चालतच पाहावे.