मेंदूच्या गाठीचे ऑपरेशन आणि मायक्रोस्कोपमधली हिरवी रेघ

चालताना उजव्या पायातली चप्पल नकळत निसटते, एवढ्याच तक्रारीवरून माझ्या थोरल्या बहिणीचा एमआरआय झाला आणि डावीकडे, मध्यरेषेलगत, पाय हलवणाऱ्या भागावर दाब देणारी मेनिन्जिओमाची गाठ निघाली. मेंदूच्या आवरणातून वाढणारी ही गाठ बहुधा कर्करोगाची नसते. पुण्यातल्या ज्या खासगी रुग्णालयात ऑपरेशन झाले, तिथल्या ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीच्या, म्हणजे खऱ्या दृश्यावर संगणकातली आकृती चढवून दाखवण्याच्या, सोयीबद्दल हा अभिप्राय आहे.

आदल्या संध्याकाळी सर्जननी अर्धा तास काढून पडद्यावर गाठीची कड हिरव्या रंगात आणि तिला खेटून जाणारी मोठी नीला निळ्या रंगात दाखवली. ऑपरेशनच्या वेळी याच रेघा मायक्रोस्कोपमधून पाहताना थेट मेंदूवर आखल्यासारख्या दिसतात, त्यामुळे सर्जनला बाजूच्या पडद्याकडे मान वळवावी लागत नाही. मुळात ही कल्पना जुनीच. स्कॅनमधली आकृती मायक्रोस्कोपमध्ये उतरवण्याचा प्रयोग अमेरिकेत डार्टमथ इथे डेव्हिड रॉबर्ट्स यांनी १९८६ मध्येच प्रसिद्ध केला होता.

चित्र आणि डोके जुळवण्यासाठी स्कॅनपूर्वी ताईच्या कपाळावर आणि डोक्यावर बटणाएवढे स्टिकर लावले होते. त्यांतला एक रात्री उशीवर गळून पडला, आणि वॉर्डमधल्या सिस्टरने तो अंदाजाने पुन्हा चिकटवला. सकाळी तंत्रज्ञाच्या कानावर मी ही गोष्ट घातली, तेव्हा त्याने तो बिंदू मोजणीतून वगळला. मी बोललो नसतो तर काय झाले असते, हा विचार आजही अस्वस्थ करतो. ज्या रेघेसाठी एवढी यंत्रणा उभी केली, तिच्या आधाराची राखण वॉर्डात कोणाकडेच नसावी, हा माझ्या मते या सेवेतला सर्वांत मोठा दोष आहे.

सर्जनचा स्पष्टपणा मात्र मनापासून आवडला. आवरण उघडून मेंदूभोवतीचे पाणी वाहून गेले की मेंदू काही मिलिमीटर खचतो, चित्र मात्र ऑपरेशनपूर्वीचेच राहते, म्हणून कवटी कुठे उघडायची हे ठरवताना रेघेवर जितका भरवसा ठेवतो तितका पुढे ठेवत नाही, असे त्यांनी आपणहून सांगितले. गाठ पूर्ण निघाली, आणि पायातली ताकद फिजिओथेरपीने हळूहळू परतते आहे.

बिलात मात्र या सगळ्या सोयीसाठी ‘नेव्हिगेशन’ अशी एकच ओळ होती. विमा कंपनीने मागितलेली तिची फोड मिळवायला धायरीहून चार खेपा झाल्या. ही फोड रुग्णाला भरती करण्यापूर्वीच लेखी मागून घ्यावी.